वडशातली एक्सपी

मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने विंडोज एक्सपी 8 एप्रिल 2014 रोजी वारली. त्यानंतर तिच्यासाठी सुरक्षेची नवी ठिगळं निघणार नाहीत, काही बिघडलं तर कुणी विचारणार नाही, असं कंपनीने आधीच जाहीर करून ठेवलं होतं. जन्म 25 ऑक्टोबर 2001 चा. म्हणजे साडेबारा वर्षांचं आयुष्य, आणि सॉफ्टवेअरच्या जगात ते दीर्घायुष्यच. तुम्ही आज विशीत असाल तर तुमची आणि तिची गाठ शाळेच्या संगणक कक्षात पडली असेल, तीही एका कॉम्प्युटरवर चौघं अशी. किंवा पडलीच नसेल. तरी तो हिरवा उतार आणि त्यावरचं निळं आकाश तुम्हाला ओळखू येतं. रीलमध्ये ती सुरू होतानाची धून वाजली की माणसं हळवी होतात, आणि हळव्या होणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी ती धून खऱ्या कॉम्प्युटरवर कधी ऐकलेली नसते.

या प्रेमाला मी पाहुण्याचं प्रेम म्हणतो. पाहुण्याला घर सुंदर दिसतं, कारण त्याने ते भर पावसात गळताना पाहिलेलं नसतं. एक्सपी चांगलीच गळायची. ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर नावाचा किडा पसरला तेव्हा पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा. टाइप करत असलेला मजकूर गेला तो गेला. 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 नंतर परिस्थिती जरा सुधारली, पण पेन ड्राइव्ह लावला की व्हायरस आला, हे समीकरण आपल्याकडच्या प्रत्येक सायबर कॅफेत पाठ होतं. रीलमध्ये यातलं काही येत नाही. तिथे फक्त डोंगर येतो.

रशियात जन्मलेल्या अभ्यासक स्वेतलाना बॉइम यांचं स्मरणरंजनावरचं पुस्तक योगायोगाने एक्सपीच्याच वर्षी, 2001 मध्ये आलं. त्यांनी त्यात दोन तऱ्हा सांगितल्या आहेत. एक, हरवलेलं घर पुन्हा जसंच्या तसं उभारू पाहणारी ओढ. दुसरी, ते हरवलंय हे मान्य करून त्या हुरहुरीतच रेंगाळणारी. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या प्रेमाबद्दल जे काही लिहिलं जातं ते सहसा या दोन खणांत बसतं. अमिगावर अजून जीव टाकणारे पहिल्या खणात, रीलवाले दुसऱ्यात. पण मला ज्या प्रेमाबद्दल लिहायचं आहे ते यातल्या कुठल्याच खणात बसत नाही. कारण तिथे घर हरवलेलंच नाही. माणूस अजून त्यातच राहतो आहे, आणि बाहेर पडायचं म्हटलं तर सामान बरोबर नेता येत नाही.

हे घर वडशात आहे.

वडसा म्हणजे देसाईगंज. रेल्वेच्या पाटीवर वडसा, तहसीलच्या पाटीवर देसाईगंज, आणि बाहेरून आलेला माणूस दोन वेगळी गावं समजून चौकशी करत फिरतो. गोंदिया-बल्लारशा लाइनीवरचं हे स्टेशन म्हणजे वर्षानुवर्षं गडचिरोली जिल्ह्याचं एकमेव स्टेशन. शेजारून वैनगंगा वाहते, भोवती धानाच्या बांध्या. पण महाराष्ट्राने हे गाव ओळखावं ते दुसऱ्या कारणासाठी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीतल्या नाटकांचा बाजार इथे भरतो. दिवाळी झाली, धान घरात आलं, गावोगावी मंडई भरू लागली की नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत चालतो. नाट्यमंडळांची बुकिंग ऑफिसं वडशात आहेत. खेड्यातलं मंडळ इथे येतं, पोस्टरं बघतं, कोणती नटी आहे, विनोदी कलावंत कोण, याची चौकशी करतं आणि तारीख पक्की करून जातं. मग त्या रात्री जेवणं उरकल्यावर पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. मुंबई-पुण्यात नाटक संपणार का, यावर परिसंवाद होतात, आणि इकडे धानाच्या कापलेल्या शेतात तंबू उभा असतो.

इतक्या नाटकांना छापील कागद लागतो. पोस्टर, पाम्प्लेट, तिकीट, बॅनर, कुणाच्या सत्काराचं मानपत्र. हंगाम नसेल तेव्हा लग्नपत्रिका, तेरवीची पत्रिका, शाळेच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका. हे काम डीटीपीवाल्यांचं, आणि मी म्हणतो ती एक्सपी अशाच एका दुकानात आहे.

दुकानदाराचं नाव लिहीत नाही. त्यांच्या विंडोजची पावती आहे का, असं उगाच कुणी विचारायला नको. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्याकडे दोन कॉम्प्युटर आहेत. नवा दाराजवळ, त्याला इंटरनेट आहे, त्यावर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरले जातात. जुना आत, भिंतीकडे तोंड करून. त्याला इंटरनेटची वायर कधी लावलेली नाही. त्यावर एक्सपी, पेजमेकर, कोरल आणि मराठी फॉन्टांचा एक गठ्ठा. त्याच्या कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवलंय, उन्हाळ्यात टेबल फॅन थेट आत सोडता यावा म्हणून. "नवा घेतला नाही का अजून?" असं मी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, "चालू हाये ना, मंग कायले बदलवाचा?"

हे उत्तर ऐकायला साधं वाटतं, पण 'चालू हाये' म्हणजे काय चालू आहे, ते नीट पाहायला हवं.

झाडीपट्टीच्या पोस्टरचं काम हे नवं काही करण्याचं काम कमी, आणि जुनं उघडून दोन ओळी बदलण्याचं जास्त. नाटक तेच, कंपनी तीच. गाव बदलतं, तारीख बदलते, एखादी नटी दुसऱ्या कंपनीत जाते. मागच्या हंगामाची फाइल उघडायची, नाव बदलायचं, प्रिंट. ती फाइल मागच्या वर्षी होती तशी, वेलांटीसकट, उघडायला हवी. भाऊंना एक्सपीकडून एवढंच हवं असतं, आणि ती ते देते. कॉम्प्युटरला हे एवढं साधं काम अवघड का जावं, हे समजायला त्या फॉन्टांच्या पोटात शिरावं लागतं.

कृतिदेव हा हिंदी पट्ट्यात आणि त्याच्या कडेने विदर्भात खूप वापरला गेलेला फॉन्ट घ्या. त्यात 'नाटक' असं लिहायचं तर बोटं इंग्रजीतल्या चार कळा दाबतात: यू, के, मोठा व्ही, डी. यू म्हणजे न, के म्हणजे काना, मोठा व्ही म्हणजे ट, डी म्हणजे क. पडद्यावर 'नाटक' दिसतं. पण फाइलमध्ये मराठीचं एकही अक्षर नसतं. फाइलमध्ये यू, के, व्ही, डी एवढंच असतं. मराठी असते ती फॉन्टच्या मुखवट्यात. 'वडसा' म्हणजे ओ, मोठा एम, एल, के. फॉन्ट काढून घेतला की वडसाही गेलं आणि देसाईगंजही. हातात राहतात इंग्रजी अक्षरं, ज्यांचा इंग्रजीतही काही अर्थ होत नाही.

आणि प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, आकृती, कृतिदेव. एकाने ज्या जागी ट ठेवला तिथे दुसऱ्याने भलतंच काही ठेवलं. भारतीय भाषांसाठी एकच संकेत असावा म्हणून इस्की नावाचं प्रमाण 1991 मध्ये भारतीय मानक म्हणून आलं होतं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यातही देवनागरी होती. पण छपाईच्या धंद्यात या दोन्हींना कुणी विचारलं नाही, कारण पेजमेकरला फक्त फॉन्ट कळायचा. पेजमेकरची 7.0 ही शेवटची आवृत्ती 2001 ची. तिला युनिकोड येत नव्हतं. तिच्यानंतर अ‍ॅडोबीने इनडिझाइन पुढे केलं आणि पेजमेकर तिथेच थांबलं. त्यात भर म्हणजे अशा मराठी सॉफ्टवेअरना पुष्कळदा हार्डवेअर लॉक असायचं. कॉम्प्युटरच्या मागे एक छोटी डबी खोचायची, ती असेल तरच प्रोग्रॅम उघडणार. त्यातल्या जुन्या डब्या प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसणाऱ्या. आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही.

म्हणजे भाऊंचं एक्सपीवरचं प्रेम हे एका साखळीचं शेवटचं टोक आहे. पोस्टरची फाइल पेजमेकरवाचून उघडत नाही, पेजमेकरला तो फॉन्ट हवा, सॉफ्टवेअरला ती डबी हवी, डबीला ते पोर्ट हवं, आणि या सगळ्यांना एकत्र नांदवणारी सिस्टिम एक्सपी. तिला 64 एमबी रॅम असली तरी चालायचं. विंडोज 11 ला किमान 4 जीबी लागते, शिवाय टीपीएम नावाची सुरक्षेची चिप. भाऊंना हे आकडे माहीत नाहीत, पण त्यांचा अर्थ त्यांना पुरता माहीत आहे: नवीन मशीन घ्या, नवीन सॉफ्टवेअर घ्या, आणि जुन्या फाइली विसरा.

आता या गोष्टीतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी बाब. ज्या एक्सपीत ही मुखवट्यांची मराठी कोंडली गेली, त्याच एक्सपीच्या सीडीवर खरी मराठीही होती. मंगल नावाचा युनिकोड फॉन्ट तिच्याबरोबर यायचा. तो मायक्रोसॉफ्टसाठी तयार केला होता र. कृ. जोशी यांनी. आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवलेले सुलेखनकार, आणि मराठीत अक्षरालाच कविता मानणारे कवी. अमेरिकन कंपनीच्या सिस्टिममध्ये एका मराठी कवीचं अक्षर बसलेलं होतं आणि आपल्याला त्याची खबर नव्हती. खबर असली तरी ते सहज हाती लागत नसे. कंट्रोल पॅनलमध्ये जायचं, प्रादेशिक भाषांच्या खिडकीत एका चौकोनात बरोबरची खूण करायची, मग कॉम्प्युटर म्हणायचा, एक्सपीची सीडी घाला. सीडी कुठली? ज्याने विंडोज टाकून दिली तो ती खिशात घालून केव्हाच पुढच्या गावाला गेलेला असायचा.

मंगलबद्दल आज कुणी बरं बोलत नाही. बोजड, सरकारी, परिपत्रकासारखा दिसणारा, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. त्या काळच्या ढोबळ पडद्यांवर रफार, उकार, जोडाक्षरं वाचता यावीत हे त्याचं काम होतं आणि ते त्याने केलं. पण पोस्टरचं काम त्याच्याने होण्यासारखं नव्हतं, हेही खरं. झाडीपट्टीचं पोस्टर कुजबुजत नाही. नाटकाचं नाव पोस्टरभर, तिरकं, पिवळ्यावर लाल, त्याला काळी सावली, सावलीला पांढरी कड. त्या नावात कुंकू असतं, आई असते, बहीण असते, सूड असतो. खाली गोलागोलांत कलावंतांचे चेहरे, आणि कुणाचा गोल केवढा यावरून कंपनीतला मानपान कळतो. या आरड्याओरड्याला जाड, फुगीर, कोपरे काढलेला, ब्रशने फटकारल्यासारखा अक्षरांचा साठा लागतो. तो श्रीलिपीत होता. मंगलमध्ये एकच आवाज, तोही कार्यालयीन. युनिकोडमध्ये मराठीची अशी नखरेल अक्षरं यायला बरीच वर्षं गेली. एक टाइप या मुंबईच्या मंडळींनी मोदक, बलू असे फॉन्ट करून सगळ्यांना फुकट खुले केले तेव्हा कुठे चित्र बदलायला लागलं. तोवर भाऊंसारख्यांच्या डोळ्यांना आणि बोटांना एक वळण पडून गेलेलं होतं.

बोटांचं हे प्रकरण थोडं सविस्तर सांगायला हवं. भाऊंनी मराठी टायपिंग शिकलं ते रेमिंग्टनच्या लोखंडी मशीनवर. मिनिटाला तीस शब्दांचं सर्टिफिकेट हे तेव्हा नोकरीचं स्वप्न होतं. नोकरी लागली नाही, टायपिंग राहिलं. कृतिदेवची कळांची मांडणी त्याच टाइपरायटरची. म्हणून त्यांना मोठा व्ही म्हणजे ट हे आठवावं लागत नाही, बोट जातं. त्या मांडणीत ऱ्हस्व वेलांटी आधी दाबायची, मग अक्षर, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर, कारण उच्चारात ती नंतर येते. भाषाशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर युनिकोड बरोबर आहे. पण पंचवीस वर्षं 'वि' आधी वेलांटी देऊन लिहिणाऱ्या माणसाला तुझं लिहिणं उलटं आहे असं सांगणं, हे सुताराला रंधा डाव्या हाताने धर म्हणण्यासारखं आहे.

आणि एक फायदा असा, जो मला सुरुवातीला दिसलाच नव्हता. नाटकातल्या विनोदी पात्राच्या तोंडी बहुतेकदा झाडीबोली असते. ती फोनवर लिहून पाहा. 'मंग' लिहिलं की फोन 'मग' सुचवतो, 'पानी' लिहिलं की 'पाणी' करतो. हेतू वाईट नाही, पण तो सगळ्यांना सदाशिव पेठेत नेऊन सोडतो. पेजमेकरला मराठी कळतच नाही. त्याच्या लेखी ती यू-के-व्ही-डी आहे. त्यामुळे तो काही सुधारत नाही. ज्याला भाषा येत नाही तोच बोलीचा मान राखतो, ही गंमत आहे खरी. जॉर्ज आर. आर. मार्टिन हा अमेरिकन कादंबरीकार, ज्याच्या पुस्तकांवरून 'गेम ऑफ थ्रोन्स' झालं, तो इंटरनेट नसलेल्या डॉसच्या कॉम्प्युटरवर वर्डस्टार 4.0 मध्ये लिहितो. त्याचं कारणही असंच आहे: मी छोटं अक्षर लिहिलं तर ते छोटंच राहिलं पाहिजे, मशीनने मला शिकवू नये. मार्टिन आणि वडशातले भाऊ यांची नाळ इथे जुळते. फरक एवढाच की मार्टिनने उद्या मनात आणलं तर तो दुसऱ्या मशीनवर जाऊ शकतो. त्याच्या मजकुरातलं प्रत्येक अक्षर तिथेही अक्षरच राहील.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: एक्सपीवरच्या मराठी माणसाच्या प्रेमाची तुलना अमेरिकन माणसाच्या प्रेमाशी करण्यात अर्थ नाही. त्याने 2003 मध्ये नोटपॅडमध्ये लिहिलेलं पत्र आजच्या फोनवर उघडतं. त्याला एक्सपीची आठवण येते ती धुनीसाठी, पिनबॉलसाठी, त्या डोंगरासाठी. आपल्या डीटीपीवाल्याने त्याच वर्षी लिहिलेला मजकूर आज उघडत नाही. त्याला आठवण येते असं म्हणणंच चूक आहे. त्याला ती लागते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला जुनी सिस्टिम हा छंद म्हणून परवडतो. आपल्याकडे ती तिजोरी होऊन बसली आहे, आणि तिची किल्ली आतच राहिली आहे.

डोंगराचा उल्लेख आलाच आहे तर त्याबद्दल थोडं. तो फोटो चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकाराने 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात काढला. त्याचं नाव 'ब्लिस', म्हणजे परमानंद. जगातल्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या छायाचित्रांत त्याची गणना होते. झाडीपट्टीतल्या माणसाच्या नजरेने तो पाहा. पहिली गोष्ट जाणवते ती ही की झाड नाही. एवढा हिरवा उतार आणि त्यावर एक मोह नाही, येन नाही, साधी बोर नाही. माणूस नाही, बैल नाही, बांध नाही. आपल्याकडे जमीन अशी हिरवीगार दिसते ती रोवणीनंतर, आणि तेव्हा बांधीत कमरेतून वाकलेली माणसं असतात. कुणीच कष्ट न करता झालेला तो हिरवा रंग मला कधी आवडला नाही. भाऊंच्या मशीनवर तो नाहीही. तिथे त्यांच्या एका जुन्या नाटकाच्या पोस्टरमधली नटी आहे, तिचा चेहरा आयकॉनांनी अर्धा झाकलेला.

इथवर मी या प्रेमाची बाजू मांडली. पण या प्रेमाने झाडीपट्टीचं नुकसानही चालवलं आहे, आणि ते मोठं आहे.

झाडीपट्टीच्या रंगभूमीची नोंद फार उशिरा घेतली गेली. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा राज्यातल्या अनेकांनी झाडीपट्टी हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. दंडार, खडी गंमत अशा प्रकारांतून आलेली, तिकीट लावून हजारोंना रात्रभर बसवणारी ही रंगभूमी. पण तिचा इतिहास लिहायचा तर कागद कुठे आहेत? संहिता वहीत, हस्ताक्षरात, प्रॉम्प्टरच्या हाताखाली मळलेल्या. पोस्टरं भिंतीवर, पुढच्या पावसाळ्यापर्यंत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कुठलं नाटक कोणत्या कंपनीने केलं, कोण कलावंत होते, तिकीट किती होतं, प्रयोग कुठे झाले, याचा सगळ्यांत भरवशाचा पुरावा ज्या फाइलींत आहे, त्या अशा आतल्या खोलीतल्या मशीनांवर आहेत. आणि त्यांत मराठी नाही, यू-के-व्ही-डी आहे. हार्ड डिस्क एक दिवस कटकट आवाज करते आणि बसते. मग मशीन भंगारात जातं. वजनावर.

ज्या फाइली वाचतील त्यांचंही पुन्हा त्रांगडं आहे. मोठं पोस्टर बाहेरच्या प्रेसकडे छपाईला जातं, तेव्हा प्रेसकडे तो फॉन्ट असेलच असं नाही, म्हणून निरोप येतो: कर्व्ह करून पाठवा. कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होतं. ते छापताना हलत नाही, पण आता तो मजकूर नाही. त्यात नाव शोधता येत नाही, बदलता येत नाही. डोळ्याला मराठी, मशीनला वेडेवाकडे आकार. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं पोस्टर तर निव्वळ फोटो, प्रत्येक फॉरवर्डला थोडं अधिक धूसर. एकाच नाटकाचे हे तीन अवशेष, आणि तिन्हींत ते नाटक वाचता येत नाही.

कृतिदेवमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर आहेत, बरेचसे फुकट आहेत. काम ते बऱ्यापैकी करतात. आधी दाबलेली वेलांटी उचलून अक्षरामागे ठेवावी लागते, नंतर दाबलेला रफार उचलून पुढे आणावा लागतो, मध्येच कुणी खरं इंग्रजी लिहिलं असेल तर त्याचीही देवनागरी होऊन बसते. यातलं निम्मं मशीन करतं, उरलेलं माणसाने वाचत बसून करायचं. हे काम कठीण नाही, कंटाळवाणं आहे. एका हंगामाच्या फाइलींना दोन-तीन मुलं दिवाळीच्या सुट्टीत बसली तरी होईल. ते करण्यासाठी आधी ही पोस्टरं म्हणजे रद्दी नव्हे हे कुणाला तरी वाटायला लागेल, आणि एक्सपीच्या प्रेमाची खरी मेख इथेच आहे. जोवर ते मशीन सुरू होतं, तोवर सगळं शाबूत आहे असं वाटत राहतं. भाऊंना वाटतं, कारण त्यांना तर सगळं दिसतंय, वाचता येतंय. बुकिंगवाल्यांना वाटतं, कारण भाऊ आहेत. एक्सपी इतकी इमानाने चालली की कुणाला धोका जाणवलाच नाही. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्रायने जगभर कॉम्प्युटर ओलीस धरले तेव्हा मायक्रोसॉफ्टलाही मेलेल्या एक्सपीसाठी पुन्हा एक ठिगळ काढावं लागलं होतं. वडशातल्या मशीनला ना तो हल्ला कळला, ना ठिगळ. इंटरनेटच नव्हतं.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चाही आधार संपला. म्हणजे भाऊंचा दाराजवळचा 'नवा' कॉम्प्युटरही आता कागदोपत्री म्हातारा. त्यावर त्यांचा पुतण्या फोनसारखंच युनिकोडमध्ये टाइप करतो, पोस्टर ऑनलाइन साच्यात बनवतो, बलू वापरतो. पोस्टरं वाईट नसतात. जरा एकसारखी दिसतात, कुणाचा गोल मोठा करायचा यावर साचा फारसं ऐकून घेत नाही. पण त्याने गेल्या हंगामात लिहिलेलं 'नाटक' हे पोटातही नाटकच आहे. आणखी वीस वर्षांनी कुणी शोधलं तर सापडेल. त्या मुलाला विंडोज 10 बद्दल काही वाटत नाही. उद्या दुसरी आली तर तो दुसरीवर बसेल. मला ही बेफिकिरी निरोगी वाटते, जरी तिच्यावर लेख लिहावा असं काही तिच्यात नाही.

मागच्या महिन्यात मी भाऊंकडे जुन्या हंगामांच्या फाइली मागितल्या. त्यांनी हो-नाही न करता पेन ड्राइव्ह लावला. एक्सपी अजूनही पेन ड्राइव्ह ओळखताना तो दोन सुरांचा आवाज करते. फोल्डरांना वर्षांची नावं, आत कंपन्यांची, सगळी इंग्रजी अक्षरांत आखूड करून. शेवटी त्यांनी आणखी एक फोल्डर टाकला आणि म्हणाले, "फॉन्टं बी घेऊन जा. त्याच्याबिगर काई दिसनार नाई."

बसमध्ये मी त्यातली एक वर्डची फाइल फोनवर उघडली. एका नाटकाची पूर्ण संहिता असावी, पानं बरीच होती. फोनमध्ये फॉन्ट नव्हताच, त्यामुळे सगळी इंग्रजी अक्षरं. पहिल्या ओळीत यू, के, मोठा व्ही, डी असं दिसलं. तेवढं मला आता मुखवट्याशिवाय वाचता येतं. पुढे पात्रांची यादी होती, ती ब्रह्मपुरी येईपर्यंत निम्मी लागली.